सुकटीची लाज कोणी शिकवली?

सध्या आपल्या पोरांच्या मोबाईलवर खाण्याच्या प्रवासाचे व्हिडिओ फार चालतात. त्यात कॅरिबियन बेटांचे तर विशेष. निळा समुद्र, नारळाची झाडं, पिंपाच्या अर्ध्या भागात निखाऱ्यावर भाजलेलं जर्क चिकन, सकाळच्या नाश्त्याला खारवलेला मासा. पोरं बघतात आणि 'लई भारी' म्हणतात. त्यातलाच एखादा मुंबईच्या होस्टेलवर निघाला की आईने बांधून दिलेली सुकट पिशवीतून हळूच काढून ठेवतो. रूममेट काय म्हणेल? वास येईल, मग आडनाव विचारतील, मग पुढचं सगळं.

जमैकातला वाळवून खारवलेला मासा भारी आणि आपली सुकट घाणेरडी, हा निवाडा आपल्या जिभेने दिलेला नाही. तो जातीने दिलाय आणि आपण तो गुमान मान्य केलाय. म्हणून मित्रांनो, आधी त्या व्हिडिओतलं ताट नीट बघू, मग आपल्या ताटाकडे येऊ.

कॅरिबियन बेटांवरचं ते जेवण आफ्रिकेतून साखळदंडात आणलेल्या माणसांनी घडवलंय. त्यांच्या ताटात अन्न दोन वाटांनी आलं. पहिली वाट मालकाच्या कोठाराची. उसाच्या मळ्यात राबणाऱ्यांना स्वस्तात जगवायचं, म्हणून उत्तर अटलांटिकमधला कॉड मासा खारवून जहाजाने यायचा, आणि त्यातला हलका माल मळ्यांवर जायचा. आपल्या कोकणात ज्याला नीरफणस म्हणतात, ते झाडही असंच तिथे पोचलं. गुलामांचं पोट कमी खर्चात भरावं म्हणून ब्रिटिशांनी १७९३ साली ताहितीहून त्याची रोपं नेली. ज्यांच्यासाठी ती नेली, त्या माणसांनी सुरुवातीला ते फळ तोंडाला लावलं नाही. मालकाने पाठवलेला घास होता तो!

दुसरी वाट त्यांनी स्वतः काढली. डोंगरउतारावरच्या निकस तुकड्यांवर, मळ्यातलं काम आटोपून उरलेल्या वेळात, त्यांनी सुरण-रताळ्यासारखे कंद लावले, मिरच्या लावल्या, पालेभाज्या लावल्या. रविवारच्या बाजारात बायका हा माल विकायच्या आणि चार पैसे गाठीला बांधायच्या. आज 'कॅलालू' म्हणून मिरवते ती भाजी जमैकात आपल्या माठाची बहीण आहे, आणि त्रिनिदादमध्ये चक्क अळूची पानं. जर्कचा जन्म मळ्यातून पळून डोंगरात गेलेल्या मरून लोकांकडचा. रानडुकराच्या मांसाला मसाला चोळून ते धुरावर शिजवायचे. याच मरूनांशी लढून थकलेल्या ब्रिटिशांना १७३९ साली तह करावा लागला.

म्हणजे एकाच ताटात गुलामीचा घासही आहे आणि बंडाचा घासही. बघणाऱ्याला हे वेगळं करता आलं पाहिजे.

आता आपलं ताट. इथेही दोन वाटा आहेत. एक बलुत्याची. गावकीची कामं करा, सांगावे पोचवा, मेलेलं ढोर ओढा, आणि बदल्यात दारोदार फिरून शिळी भाकर मागा, ओढलेल्या ढोराचं मांस न्या. मजुरी म्हणून उष्टं आणि हक्क म्हणून मढं, अशी ही व्यवस्था होती. दुसरी वाट आपल्या आज्या-पणज्यांच्या हातांची. कोकणातल्या वाड्यावस्त्यांवर त्यांनी खाडीच्या चिखलात हात घालून चिंबोऱ्या आणि निवट्या धरल्या, खडकावरची कालवं फोडली, पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, शेवळं, भारंगी खुडून आणली, उन्हाळ्यात जवळा नि बोंबील भरून ठेवले आणि चार महिन्यांचा पावसाळा त्यावर काढला. हे अन्न कोणी दान दिलेलं नव्हतं.

इथे चळवळीतले काही जण आम्हाला अडवतात. म्हणतात, बाबासाहेबांनी जे सोडायला सांगितलं, ते तुम्ही का उकरून काढता? आपण आता शिकलो, बौद्ध झालो, जुन्या खाण्याचं कौतुक कशाला?

या मित्रांनी महाडला परत जावं. मार्च १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस आणि मागून आणलेले शिळे तुकडे सोडायला सांगितले. लगेच पुढच्या वर्षी, १९२८ साली, त्यांनी महार वतनाविरुद्ध मुंबईच्या विधिमंडळात बिल आणलं. ही दोन्ही कामं एकत्र वाचली की अर्थ उघड होतो. त्यांचा घाव गुलामीच्या करारावर होता. मढं ओढायची सक्ती आणि मढ्याचं मांस हे एकाच दोरीचे दोन पदर होते, म्हणून ते दोन्ही तोडायचे होते. खाडीतली चिंबोरी सोडा, सुकटीची लाज धरा, शाकाहारी होऊन त्यांच्या पंगतीत बसायला जागा मागा, असं त्यांनी कुठे सांगितलं? उलट 'द अनटचेबल्स' या १९४८ च्या ग्रंथात खाण्यावरून माणसाला अस्पृश्य कसं ठरवलं गेलं, याचाच त्यांनी शोध घेतला.

महाडचा इतिहास अन्नपाण्याचाही इतिहास आहे, हे आपण विसरतो. परिषदेसाठी ४० रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं होतं. चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर सवर्णांच्या जमावाने मंडपातल्या प्रतिनिधींवर हल्ला केला आणि त्यांचं अन्न मातीत मिसळलं. नंतर तळं 'शुद्ध' करायला शेणा-गोमूत्राच्या पंचगव्याच्या १०८ घागरी ओतल्या. आमच्या पनवेलात सोनबा येलवे यांची आठवण आजही सांगतात. महाडच्या वाटेवर इथे थांबलेल्या बाबासाहेबांना कोणी पाणी दिलं नाही, आणि पुढे सोनबा पाण्याचा माठ भरून त्यांची वाट बघत राहिले. ज्या शहरात पाण्याच्या एका घोटाची अशी आठवण जपली जाते, त्या शहरातल्या पोरांनी ताटाचं राजकारण किरकोळ समजू नये.

हे राजकारण हैतीच्या लोकांना नीट कळलं होतं. तिथे भोपळ्याचं 'सूप जुमू' गुलाम रांधायचे आणि फ्रेंच मालक खायचे. रांधणाऱ्यांना ते चाखायची बंदी होती, असं हैतीचे लोक सांगतात. १ जानेवारी १८०४ ला या गुलामांनी फ्रेंचांना हाकलून स्वतंत्र देश जाहीर केला. तेव्हापासून दर १ जानेवारीला हैतीत घरोघरी हे सूप शिजतं. २०२१ साली युनेस्कोने त्याची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद घेतली. ज्याला हात लावायची मनाई, तेच सर्वांनी मिळून प्यायचं! चवदार तळ्याचा अर्थ यापेक्षा वेगळा आहे का? आणि योगायोग बघा, त्याच १ जानेवारीला आपण भीमा कोरेगावला असतो.

आता दुसऱ्या बाजूचा धोका. अलीकडे शहरातल्या खवय्यांना 'वेगळं काहीतरी' हवं असतं. उद्या एखादा हॉटेलवाला 'दलित थाळी' काढेल, मातीच्या ताटलीत सुकट वाढेल आणि हजार रुपये लावेल. अशा कौतुकाला भुलायचं कारण नाही. जमैकाकडेच बघा. अ‍ॅकी आणि खारा मासा हे आज त्या देशाचं राष्ट्रीय जेवण आहे. अ‍ॅकी मूळची पश्चिम आफ्रिकेची, गुलामांच्या जहाजांबरोबर आलेली. पण खारा कॉड आजही बाहेरूनच विकत आणावा लागतो. पदार्थाला मान मिळाला म्हणून जमीन, बाजार आणि सत्ता हातात येत नाही. आमची उपासमार हा कोणाच्या जिभेचा चाळा नाही, हेही ठणकावून सांगितलं पाहिजे.

मग पनवेलमध्ये हा प्रश्न नेमका कुठे उभा आहे? पनवेलपासून निघणारा गोव्याचा रस्ता म्हणजे कोकणच्या 'फूड ट्रिप'चा रस्ता. पाट्या वाचत जा. मालवणी, आगरी, कोळी, सारस्वत, सीकेपी आणि 'शुद्ध शाकाहारी'. याच रस्त्यावर महाड आहे, पण बौद्ध वाडीच्या चुलीचं नाव असलेली पाटी आम्हाला अजून दिसलेली नाही. तिकडे नव्या सोसायट्यांमध्ये भाड्याने घर मागायला जा. 'नॉनव्हेज चालत नाही' हे पहिलं वाक्य असतं. जात विचारणं बेकायदा वाटतं, म्हणून ताट विचारतात. २०१५ च्या कायद्याने बैलाचं मांसही बंद करून गरिबाच्या घरातलं स्वस्त पोषण काढून घेतलं, तेही संस्कृतीच्याच नावाने.

आणि खाडी? ऑक्टोबर २०२५ मध्ये इथल्या विमानतळाचं उद्घाटन झालं. त्यासाठी टेकडी सपाट झाली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, दहा गावं उठली. खाजणं बुजली की निवटी आणि चिंबोरी जातात. आगरी-कोळ्यांची उपजीविका जाते आणि हातजाळं घेऊन खाडीत उतरणाऱ्या कातकऱ्याचं, बौद्ध वाडीतल्या म्हातारीचं फुकटातलं कालवणही जातं. नुकसानभरपाईच्या कागदावर सातबारा लागतो. चिखलातून काढलेल्या कालवांचा सातबारा कुणाकडे असतो? आफ्रिकी गुलामांनी डोंगरउतारावर जो स्वतःचा तुकडा राखला होता, तोच आपल्यासाठी ही खाडी होती. म्हणून खाडी वाचवायचा लढा हा आपलाही लढा आहे. त्यात आगरी, कोळी, कातकरी आणि बौद्ध एकत्र बसले तरच वजन पडेल.

अन्नाची नोंद ठेवण्याचं काम आपल्यातल्या काहींनी सुरू केलंय. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली आलं आणि मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकाला ग्रंथात जागा मिळाली. पुणे विद्यापीठात शर्मिला रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दलितांच्या अन्न-आठवणींवर 'इझन्ट धिस प्लेट इंडियन?' हे पुस्तक काढलं. उर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये कोकणातल्या आपल्या बायांचे कष्ट आहेत. पण रायगडच्या वाड्यांवरच्या चुलींची अशी सविस्तर वही आम्हाला तरी सापडलेली नाही.

तेव्हा कामाला लागू. प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतल्या पाच म्हाताऱ्यांजवळ बसावं आणि तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: काय खाल्लं, ते कुठून आणलं आणि कोणाच्या सक्तीने किंवा कोणाच्या परवानगीशिवाय खाल्लं. तिसरा प्रश्न विसरू नका, कारण त्याच्याविना सगळी नोंद नुसती पाककृती होते. सांगणारीचं नाव तिला विचारून वर लिहा. १४ एप्रिलच्या जयंतीला बाहेरच्या केटररला पावभाजीचं काम देण्याऐवजी ते वस्तीतल्या महिला बचत गटाला द्या, पूर्ण मजुरी देऊन. तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण, टाकळ्याची सुकवलेली भाजी उघड्या मंडपात वाढा आणि सगळ्या जातींच्या शेजाऱ्यांना पंगतीला बोलवा.

जो येईल तो आपल्या शेजारी बसेल. जो येणार नाही, त्याला समतेवरच्या भाषणाला पाहुणा म्हणून बोलवायचं कारण उरत नाही. आणि होस्टेलवर निघालेल्या भावाबहिणींनो, डबा भरा. वास येतो म्हणणाऱ्याला सांगा, खाडीचा वास आहे.

जय भीम!