हे कौतुक थांबवा, बायांनो!



माझं माहेर सांगलीचं, सासर साताऱ्याचं. दोन्हीकडच्या समाजात एक कौतुक नेहमी ऐकू येतं. बुद्धीनं मागे राहिलेल्या पंचविशीतल्या मुलाला आई आंघोळ घालते, घास भरवते, बटणं लावते आणि बायका म्हणतात, "किती करते बाई त्याचं! पुण्यवान आई." मला आज या कौतुकाविरुद्धच लिहायचं आहे. त्यानं मुलाचंही नुकसान होतं आणि आईचंही.

आई थकली की पुढे काय? हा प्रश्न अशा प्रत्येक घरात रात्री पडतो आणि सकाळी झाकला जातो. "भाऊ-भावजय बघतील," असं म्हणायचं. भावजय ताट वाढेल हो, पण तीस वर्षांच्या दिराला आंघोळ घालेल का? आणि तिनं का घालावी? १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्ह्याच्या समितीकडून अशा व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमून घेता येतो. जरूर घ्यावा. पण पालकत्वाचा कागद शर्टाची बटणं लावत नाही.

मग कोणीतरी धर्म पुढे करतं. "त्याचं पूर्वकर्म, आपण काय करणार?" अहो, ज्ञानावरणीय कर्म त्याला आहे तसं तुम्हालाही आहे आणि मलाही. केवलज्ञान होईपर्यंत ते कोणाचंच सुटत नाही, कमी-जास्त एवढाच फरक. आत झाकलेला आत्मा सगळ्यांचा सारखाच. मग आवरणाकडे बोट दाखवून शिकवणंच सोडून देणं हा कुठला धर्म? तत्त्वार्थसूत्र जीवांनी एकमेकांच्या उपयोगी पडण्याबद्दल बोलतं. एकानं जन्मभर फक्त घ्यायचं, असं त्यात कुठेही नाही.

कर्मवीर भाऊराव पाटील आपलेच. कुंभोजला जन्मले, १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकून वसतिगृहातल्या मुलांना जेवू घातलं. तरीही मुलांना आयतं खायची सवय लावली नाही, ती स्वतः कामं करून शिकली. स्वावलंबी शिक्षण हे संस्थेचं ब्रीद आपण व्यासपीठावरून अभिमानानं सांगतो. मग घरातल्या या एका लेकराला त्यातून का वगळतो?

"त्याला जमतच नाही" हे उत्तर मला माहीत आहे. बहुतेक वेळा आपण अख्खं काम एकदम सांगितलेलं असतं. विशेष शिक्षक कामाचे तुकडे पाडतात. पाणी गाळण्याचंच घ्या. कळशी ठेवणं, कापड दुहेरी करणं, तोंडावर बसवणं, सावकाश ओतणं, जिवाणी करणं, झाकण ठेवणं. सुरुवातीला पहिले सगळे तुकडे तुम्ही करा आणि झाकण त्याला ठेवू द्या. काम पुरं केल्याचा आनंद त्याचा. ते जमलं की त्याच्या आधीचा तुकडाही त्याच्याकडे. आधी हात धरून, मग खुणेनं, मग शब्दानं, शेवटी गप्प राहून. आईला हे गप्प राहणंच सगळ्यात जड जातं. रोज तोच क्रम, तीच भांडी. हिशेब शिकवायचा तर खरी दहाची नोट घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात. महिने लागतील, लागू देत. जेवताना भात सांडेल. उष्ट्यात जीव पडतील अशी भीती वाटते ना? मग पुसायलाही त्यालाच शिकवा.

सगळ्यांना सगळं जमणार नाही, हे खरं. पण ज्याचं दिव्यांगत्व तीव्र आहे त्यालाही बाही पुढे आली की हात घालता यावा, तहान लागली की खूण करता यावी. तेवढं स्वातंत्र्य त्याचं आहे.

मुलींबद्दल तर आपण बोलतच नाही. १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. कारण काय, तर पाळीची स्वच्छता त्यांना राखता येत नाही! महिला संघटनांनी आवाज उठवला तेव्हा ते थांबलं. पॅड बदलणं हीसुद्धा तुकड्यातुकड्यानं शिकवता येणारी गोष्ट आहे. पाळीत मुलीला बाजूला बसवण्यात जेवढी काटेकोर राहता, तेवढी हे शिकवण्यात राहा. अंगाला कोणी हात लावायचा आणि कोणी नाही, "नको" कसं म्हणायचं, हेही शिकवा. ज्या मुलीला कोणीही कपडे बदलवतं, तिला वाईट स्पर्श ओळखू कसा येणार?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं मोफत शिक्षणाचा हक्क सहा ते अठरा वर्षांपर्यंत दिला आहे. अठरानंतर बरीच मुलं घरी बसतात आणि शिकलेलंही विसरतात. तिथून पुढची शाळा म्हणजे आपलं स्वयंपाकघर, आपली बस्ती.

म्हणून महिला मंडळांना माझं सांगणं आहे. येत्या दशलक्षणात या मुलामुलींना कोपऱ्यात बसवून प्रसाद हातात देऊ नका. तांदूळ निवडणं, ताटं मोजणं, सतरंज्या घालणं, यातलं एक काम नेमून द्या, दहाही दिवस तेच. वेळ लागला तरी हातातून काढून घेऊ नका. आणि काम झाल्यावर "बिचारा" म्हणू नका. इतरांना म्हणता तसं "छान केलंस" म्हणा आणि उद्याचं काम सांगा.