हवा कुठून आणणार?

आमच्या हॉस्टेलमध्ये रात्री साडेअकरानंतर दोनच विषय निघतात. एक मेसची भाजी आणि दुसरा गाड्या. मेकॅनिकलच्या आम्ही पाच मुली एका मजल्यावर, त्यामुळे दुसरा विषय जास्त रंगतो. गेल्या सेमिस्टरला एकीने माझदाच्या आरएक्स-एटचा विषय काढला. पिस्टन नसलेलं, तिकोनी रोटरचं व्हँकेल इंजिन, तेही बिनटर्बोचं. तिचं म्हणणं सोपं होतं. "इंजेक्टर मोठे टाकायचे. पेट्रोल जास्त, पॉवर जास्त!" सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी डोलावली नाही. कारण वर्षभरापूर्वी मी हेच वाक्य बोलले होते आणि त्याची किंमत आमच्या अख्ख्या टीमने मोजली होती. म्हणून हा लेख. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी थोडं 'रीमिक्स' आहे, संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं.)

आधी रोटरीचा हिशेब करू. आरएक्स-एट २००३ मध्ये बाजारात आली आणि २०१२ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. कंपनीने ती भारतात कधी विकलीच नाही, त्यामुळे आपण सगळे तिच्यावर लांबूनच प्रेम करतो. तिच्या इंजिनात दोन रोटर, प्रत्येकी ६५४ सीसी. शाफ्टच्या दर फेऱ्याला प्रत्येक रोटर एकदा हवा ओढतो, म्हणजे एका फेऱ्यात सुमारे १.३ लिटर. ८५०० आरपीएमला मिनिटाला ११ हजार लिटर हवा झाली. चेंबर पूर्ण भरतं असं धरलं तर वजनात साधारण १३ किलो. पेट्रोल इंजिनाची सर्वांत जास्त पॉवर मिळते ती साडेबारा-तेरा किलो हवेला एक किलो पेट्रोल या प्रमाणाच्या आसपास. म्हणजे मिनिटाला जवळपास एक किलो, लिटरमध्ये १.४. बस! एवढं पेट्रोल मूळ इंजेक्टर देतात, म्हणून तर ती गाडी तेवढी पळते. त्याहून जास्त ओतलं तर ते जाळायला हवा कुठून आणणार?

साताऱ्याची आहे म्हणून आणखी एक सांगते. वाईवरून पसरणीचा घाट चढून महाबळेश्वरला गेलात, की साधारण १३५० मीटर उंचीवर हवा समुद्रकाठापेक्षा १२ टक्के विरळ असते. बिनटर्बोच्या इंजिनाला तिथे पेट्रोल कमी लागतं. म्हणजे घाटमाथ्यावर मोठा इंजेक्टर सोडाच, आहे तोसुद्धा कमी वेळ उघडावा लागतो.

बरं, जास्तीचं पेट्रोल नुसतं वाया गेलं असतं तरी चाललं असतं. पण ते नुकसान करतं. रोटरीत रोटरच्या तीन टोकांना एपेक्स सील असतात आणि ते घासू नयेत म्हणून आत मोजून-मापून थोडं थोडं ऑइल सोडलेलं असतं. जादा पेट्रोल ही ऑइलची फिल्म धुऊन काढतं. सील झिजले की कॉम्प्रेशन गेलं, आणि कॉम्प्रेशन गेलं की इंजिन खोलायचं. न जळलेलं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं ते वेगळंच.

आता आमची गोष्ट. आमच्या टीमची फॉर्म्युला कार होती, बाइकचं सिंगल सिलिंडर इंजिन बसवलेली. (फॉर्म्युला स्टुडंटच्या नियमात फोर-स्ट्रोक पिस्टन इंजिनच चालतं, रोटरी नाही.) पेट्रोल गाड्यांसाठी नियम असा, की सगळी हवा २० मिलिमीटरच्या एका भोकातून जायला हवी. त्या भोकातून काहीही केलं तरी सेकंदाला ७५ ग्रॅमच्या वर हवा जात नाही. म्हणजे हवेवर कुलूप आहे आणि किल्ली आयोजकांकडे. तरी मी मीटिंगमध्ये उभं राहून म्हणाले, "आपण मोठा इंजेक्टर टाकू." सर म्हणाले, "आधी मोजा." आम्ही मोजलं नाही. वर्गणी काढली, त्यात दोघांचे मेसचे पैसे होते, आणि इंजेक्टर मागवला.

बसवला त्या दिवशी इंजिनाचा आवाज जाड झाला आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. खरी गंमत पुढे. ईसीयूचा मॅप जुनाच, इंजेक्टर मात्र तेवढ्याच वेळात जास्त पेट्रोल सोडणारा. आयडलिंगला तर अग्निशमनाच्या पाइपने चहाचा कप भरावा तशी अवस्था. प्लग काळे, ओले. गाडी गरम झाल्यावर बंद पडली की परत सुरू होईना. ऑइल काढलं तर त्याला पेट्रोलचा वास! तीन आठवडे आम्ही त्या एका पार्टच्या मागे लागलो आणि शेवटी जुनाच परत बसवला. ट्यूनिंगला वेळच उरला नाही. स्पर्धेत गाडी एन्ड्युरन्सच्या मध्यातच थांबली. ज्याने मेसचे पैसे दिले होते तो मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

त्याच सुट्टीत मामाकडे कराड तालुक्यात गेले होते. उसाचा हंगाम चालू होता. मामाच्या ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, आणि एका मिस्त्रीने डिझेलचा पंप वाढवून दिलेला. चढाला लागला की काळाकुट्ट धूर. मी काही विचारायच्या आत मामाच म्हणाला, "धूर निघतोय म्हंजे ताकद निघतीय, पोरी." मी पण तेच समजत होते की! फरक एवढाच, की मामाने ते मिस्त्रीकडून ऐकलं होतं आणि मी तीन वर्षं थर्मोडायनॅमिक्स शिकून. काळा धूर म्हणजे हवेअभावी न जळलेलं डिझेल, मामाच्याच खिशातलं. आणि डिझेल इंजिनात पंप असा वाढवला की आतलं तापमानही चढतं. फेब्रुवारीत पिस्टनचा माथा जळाला. ऐन हंगामात ट्रॅक्टर बारा दिवस उभा. तोडलेला ऊस फडात वाळतो तेव्हा त्याचं वजनही घटतं, हे मला पुस्तकातून नाही, मामीच्या चेहऱ्यावरून कळलं.

मग मोठा इंजेक्टर कधीच नको का? तसं मुळीच नाही. टर्बो बसवलात, म्हणजे हवा वाढवलीत, तर इंधन वाढवावंच लागेल. आणि दुसरं कारण तर आपल्या दारातच आहे. सांगली-साताऱ्याच्या पट्ट्यात साखर कारखान्यांना तोटा नाही, आणि उसापासून इथेनॉल होतं. पेट्रोलला जळायला स्वतःच्या १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. म्हणजे तेवढ्याच हवेत एक लिटर पेट्रोलच्या जागी जवळजवळ दीड लिटर इथेनॉल द्यावं लागतं. तिथे मोठा इंजेक्टर ही चैन नाही, गरज आहे. ब्राझीलमध्ये १९७९ पासून इथेनॉलवर चालणाऱ्या गाड्या निघाल्या. आपल्याकडे २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं. त्यालाही सात-आठ टक्के जास्त इंधन लागतं, पण तेवढं ईसीयू सहसा सांभाळून घेतो. शुद्ध इथेनॉलवर चालणारं छोटं इंजिन हा आपल्या कॉलेजचा प्रोजेक्ट का असू नये? ज्या जिल्ह्यात १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळरानावर नांगराचा कारखाना उभा केला, तिथल्या पोरांनी परदेशी गाड्यांचे व्हिडिओ बघून पार्ट मागवायचे, हे मला तरी पटत नाही.

म्हणून माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. एक, डिपार्टमेंटने वाइडबँड लॅम्बडा सेन्सर घ्यावा आणि तो कपाटात कुलपात न ठेवता विद्यार्थ्यांच्या हातात द्यावा. मिश्रण किती जाडं आहे हे तो सरळ आकड्यात सांगतो, मग रात्री साडेअकराला वाद घालायची गरज उरत नाही. आमच्याकडे तो असता तर तीन आठवड्यांचं काम एका दुपारी संपलं असतं. दोन, प्रत्येक टीमने फसलेल्या प्रयोगांची वही ठेवावी आणि ती ज्युनिअर्सना द्यावी. ट्रॉफीचे फोटो भिंतीवर असतातच, पण ट्रॉफीकडे बघून कुणाला इंजेक्टर निवडता येत नाही. आमच्या वहीचं पहिलं पान मी लिहिलंय, खाली माझं नाव घालून.

आणि हो, मामाचा पंप आता परत मूळ सेटिंगवर आहे. चढाला ट्रॅक्टर जरा सावकाश जातो. मामा कुरकुरतो, पण मागच्या ट्रॉलीवर बसणारे आता तोंडाला रुमाल बांधत नाहीत.