हाड भरून मिळतं, पण सगळ्यांना नाही



गेल्या आठवड्यात ग्रुपमधल्या एकीने विचारलं, "हिरडीखालचं हाड झिजलंय, पावडर भरायची म्हणतात. करू का? की भारतात जाऊन करू?" उत्तर लांबलचक आहे म्हणून इथेच लिहिते. मी डॉक्टर नाही, सीए आहे. पण या सगळ्यातून स्वतः गेले आहे.

ब्रश करताना रक्त यायचं. आधी टॅक्स सीझन, मग लेकाचे ब्रेसेस, मग भारतवारी. दुखत काहीच नव्हतं, म्हणून ढकलत राहिले. शेवटी तपासलं तर एका दाढेपाशी हिरडीची खोली ७ मिलिमीटर. ३ पर्यंत ठीक असते.

माझं मत स्पष्ट आहे: ही उपचारपद्धती चांगली आहे, पण घाईने सही करू नका.

पहिलं म्हणजे, आधी मुळापर्यंतची सफाई आणि काही आठवड्यांनी पुन्हा मोजमाप. त्यानंतरच शस्त्रक्रियेची चर्चा. एका दाताशेजारी अरुंद, खोल खड्डा असेल तर भराव टिकतो, कारण त्याला विहिरीसारख्या भिंती असतात. हाड सगळीकडे सारखंच खाली गेलं असेल तर उघड्या माळावर माती टाकल्यासारखं होतं. तेव्हा "माझा खड्डा कुठल्या प्रकारचा? एक्स-रेवर दाखवा," असं सरळ विचारा.

दुसरं, भरतात काय? कधी दात्याचं मानवी हाड, कधी गायीचं. काही जेलमधलं प्रथिन डुकराच्या वाढत्या दातांपासून काढलेलं असतं. आमच्याकडे चातुर्मासात कांदा-लसूणही चालत नाही, आणि हे मला फॉर्म वाचताना कळलं! कृत्रिम पर्यायही आहेत, पण त्यासाठी आधी विचारावं लागतं. निर्णय तुमचा, पण माहिती घेऊन.

तिसरं, पैसे. डेंटल इन्शुरन्सची वार्षिक मर्यादा बऱ्याचदा १,००० ते २,००० डॉलरच असते. कंपनीकडून आधी लेखी अंदाज मागवा. डॉक्टरांना चालत असेल तर सफाई डिसेंबरमध्ये आणि शस्त्रक्रिया जानेवारीत, म्हणजे दोन वर्षांची मर्यादा वापरता येते. एफएसए, एचएसएचे पैसेही चालतात. आपल्या ईडन प्रेरीहून मिनीअ‍ॅपोलिस जवळच आहे. तिथल्या युनिव्हर्सिटी ऑफ मिनेसोटाच्या डेंटल स्कूलमध्येही चौकशी करा.

भारतात स्वस्त पडेल, खरंय. पण नंतर टाके काढणं, तपासण्या, दर तीन महिन्यांनी सफाई हे सगळं असतं. तीन आठवड्यांच्या सुट्टीत ते बसत नाही. हाड भरलं की नाही हे एक्स-रेवर कळायलाच सहा महिने ते वर्ष लागतं. आणि सिगारेट चालू असेल, साखर ताब्यात नसेल, तर पैसे पाण्यात.

शेवटचं, आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. हा आजार घराण्यात चालू शकतो. तुम्हाला असेल तर मुलांच्या ब्रेसेसआधी त्यांच्याही हिरड्या मोजून घ्या. सुजलेल्या हिरडीत दात सरकवले तर हाड आणखी जातं. उन्हाळ्यात आई-बाबा येतील तेव्हा मधुमेहाबरोबर हिरड्यांचंही विचारा, मिश्रीचंही.

मुलांची एकही अपॉइंटमेंट आपण चुकवत नाही. स्वतःची मात्र "पुढच्या महिन्यात." गेलेलं हाड थोडंफार परत मिळतं, पण पूर्वीसारखं क्वचितच. तेव्हा रक्त येत असेल तर या आठवड्यात फोन करा.

तुमच्यापैकी कोणी हे करून घेतलंय का? खाली लिहा, इतरांना उपयोग होईल.