परमुलखांतील पंतोजी

इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा, त्यांस अलीकडे एक नवा धंदा सांपडला आहे. स्वदेशीं मनाजोगी नोकरी नाहीं, पदवी पदरांत आहे, चार मुलूख पाहण्याची हौस आहे, अशा तरुणानें आशियांतील एखाद्या देशाची वाट धरावी, तेथें एक वर्ष इंग्रजीचे पाठ द्यावे, व गांठीं कांहीं पैसा बांधून परत यावें, असा हा क्रम आहे. जपान, चीन, थायलंड, व्हिएटनाम हे सर्व देश या व्यापारांत आहेत. परंतु त्याचें स्वरूप जेथें अगदीं उघडें दिसतें तो देश दक्षिण कोरिया होय, आणि म्हणून आम्ही आज त्याचेंच उदाहरण घेतों.

कोरियांत इंग्रजीची मातब्बरी किती, हें एका गोष्टीवरून ध्यानांत येईल. विश्वविद्यालयाच्या प्रवेशाची जी परीक्षा दर नोव्हेंबरांत होते, तींत इंग्रजी ऐकून उत्तरें देण्याचा भाग चालू असतां देशांतील विमानांचें चढणें-उतरणें सरकारी हुकुमानें थांबविण्यांत येतें! १९९७ पासून प्राथमिक शाळेच्या तिसऱ्या इयत्तेंत ही भाषा शिकवूं लागले. १९८० सालीं लष्करी सत्तेनें खासगी शिकवण्यांवर बंदी घातली होती. ती पुढें सैल होत गेली व २००० सालीं घटना-न्यायालयानें ती अवैध ठरविली. ‘हाग्वन’ नांवाचे खासगी वर्ग आज तेथें गल्लोगल्लीं आहेत. सरकारी शाळांत परके शिक्षक नेमण्याची योजना १९९५ सालची.

या शिक्षकांस जो ‘ई-२’ वर्गाचा परवाना मिळतो, त्याच्या अटी आमच्या वकीलबंधूंनीं एकदां वाचून पाहण्याजोग्या आहेत. अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व दक्षिण आफ्रिका या सात देशांपैकीं एकाचें नागरिकत्व आणि कोणत्याही विषयाची पदवी, एवढ्यावर खासगी वर्गांत मनुष्य गुरु होऊं शकतो. वनस्पतिशास्त्राचा पदवीधर व्याकरण शिकवूं लागला तरी कायद्याची हरकत नाहीं. मात्र परवाना एका मालकाच्या नांवाशीं बांधलेला असतो. करार मध्येंच सोडून दुसरीकडे जावयाचें तर सामान्यतः जुन्या मालकाचें संमतिपत्र लागतें. नेमल्या जागेबाहेर एक घरगुती शिकवणी जरी केली तरी तो कायद्याचा भंग होतो, व त्याबद्दल दंड किंवा देशाबाहेर रवानगी होऊं शकते.

आतां कर्तव्याचा प्रश्न. पुष्कळ शिक्षक आपला करार म्हणजे प्रवासाचें तिकीट समजतात. पगार हातीं पडल्या रात्रीं सामान उचलून विमानतळ गांठावयाचा, व सकाळीं वर्गांत मुलांनीं वाट पाहत बसावयाचें, हा प्रकार इतका रूढ झाला आहे कीं, त्या मंडळींत त्यास ‘मध्यरात्रीची धांव’ असें नांवच पडलें आहे. आमच्या व्यापारी वाचकांस आम्ही विचारतों: बयाणा घेऊन माल न पोंचविणाऱ्या इसमास बाजारांत कोण उभा करील? आणि येथें तर माल म्हणजे लहान मुलाचें एक वर्ष आहे. मालकानें विमानाचें भाडें भरलेलें असतें, राहावयास जागा दिलेली असते. तो पैसा बुडाला तरी मालक सावरतो. त्या मुलांस मात्र वर्षाच्या मध्यांत नवा चेहरा, नवे उच्चार आणि पुन्हां पहिला धडा! शिवाय पळणारा पळून जातो, आणि त्याच्या मागून येणारास मालक अधिक जाचक अटी घालतो. घरगुती शिकवण्यांचेंही तसेंच. स्वदेशीं एखादा परका मनुष्य परवान्याविरुद्ध काम करतांना सांपडला तर जे ओरड करतील, तेच सेऊलमध्यें हा कायदा हसण्यावारीं नेतात.

तथापि पळणारा प्रत्येक जण लबाडच असतो, असें म्हणणें अन्यायाचें होईल. कोरियाच्या कायद्याप्रमाणें एक वर्ष पुरें करणाऱ्या नोकरास निदान तीस दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम निरोपाच्या वेळीं द्यावी लागते. म्हणून अकराव्या महिन्यांत कांहींतरी खुसपट काढून त्यास घालवून देणारे धनी निघतात. दुसरे कांहीं त्यास नोकर न म्हणतां ‘स्वतंत्र ठेकेदार’ म्हणतात, म्हणजे निवृत्तिवेतन व आजारविमा यांतील मालकाचा वांटा चुकतो. कायदा शिकलेल्या मनुष्यास ही युक्ति नवी नाहीं. कागदावर नांव काय लिहिलें यापेक्षां हुकूम कोणाचा चालतो हें न्यायाधीशानें पाहावयाचें असतें, आणि तेथील न्यायालयांनींही अशा शिक्षकांस कामगार ठरविलें आहे. धन्यानें करार मोडला तर मजूर-कचेरीकडे फिर्याद करावी. तो मार्ग परक्यासही खुला आहे. रात्रीं पळून गेल्यानें हक्कही जातो आणि अब्रूही.

पाहुण्याचीं कर्तव्यें सांगतांना यजमानाचीं विसरतां येत नाहींत. पूर्वीं कोरियांत शिकवून गेलेल्या एका परकी इसमास २००७ सालीं थायलंडांत बालकांवरील अत्याचाराच्या आरोपावरून पकडलें, तेव्हां कोरियन सरकारानें शिक्षकांकडून गुन्ह्यांचा दाखला मागण्यास सुरुवात केली. तें योग्यच झालें. मुलांच्या सहवासांत राहणारानें आपलें चारित्र्य दाखवावें, यांत अपमान कसला? परंतु त्याबरोबरच एड्‌सच्या विषाणूची तपासणीही सक्तीची झाली, आणि ती कोरियन शिक्षकांस किंवा कोरियन वंशाच्या परदेशी शिक्षकांस नव्हती. न्यूझीलंडच्या एका शिक्षिकेनें दुसऱ्यांदा तपासणी करून घेण्याचें नाकारलें. तिची नोकरी गेली. तिनें तक्रार थेट संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद-निर्मूलन समितीपर्यंत नेली, व २०१५ सालीं त्या समितीनें निर्णय तिच्या बाजूनें दिला. २०१७ सालीं सरकारानें ती अट काढून टाकण्याचें जाहीर केलें. ज्यांनीं निमूटपणें रक्त दिलें त्यांस आम्ही दोष देत नाहीं. पण अट कोणामुळें उठली? पळून जाणारामुळें नव्हे; एका बाईनें कागद हातीं घेऊन सहा वर्षें दाद मागितली, तिच्यामुळें.

करारांत न लिहिलेलें असें एक ऋण आणखी आहे, आणि आमच्या मतें तेंच सर्वांत मोठें. ज्या देशांत हे पंतोजी जातात तो भाषेविना राहिलेला देश नव्हे. १४४६ सालीं सेजोंग राजानें आपल्या प्रजेसाठीं लिपि प्रसिद्ध केली. तिचीं आजचीं मूळ अक्षरें अवघीं चोवीस. १९१० पासून १९४५ पर्यंत जपानचें राज्य होतें, आणि १९३८ नंतर शाळांतून कोरियन भाषेची क्रमानें उचलबांगडी झाली. १९४२ सालीं कोरियन शब्दकोश रचणाऱ्या मंडळींस जपान्यांनीं तुरुंगांत घातलें. त्यांपैकीं दोघे तुरुंगांतच वारले. पुराव्यादाखल जप्त केलेलें हस्तलिखित १९४५ सालीं सेऊलच्या रेल्वे-गुदामांत सांपडलें, आणि कोशाचा पहिला भाग १९४७ सालीं बाहेर पडला. अशा लोकांच्या मुलांस ‘वर्गांत कोरियन बोलूं नका’ असें दरडावणारा शिक्षक कोणत्या मार्गानें चालला आहे, हें त्यास ठाऊक तरी असतें काय? चोवीस अक्षरें शिकण्यास महिनाही लागत नाहीं. कित्येक जण वर्ष काढून तीं न शिकतां परततात. स्वतःच्या राज्यांत परभाषेचें जूं वागविलेल्या आम्हां लोकांस ही गोष्ट अधिक बोंचते.

आमच्याकडील तरुणांचाही या प्रश्नाशीं संबंध येऊं लागला आहे. भारत व कोरिया यांच्यामधील व्यापारी करार २०१० सालीं अमलांत आला, व त्यांत भारतीयांसही इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून जाण्याची वाट ठेवली आहे. पण अट पाहावी! सात देशांतल्या मनुष्यास खासगी वर्गासाठीं कोणतीही पदवी पुरते. भारतीयास पदवी इंग्रजी विषयाची हवी आणि शिवाय शिकविण्याचें प्रमाणपत्र हवें. खरें म्हणाल तर दुसरी अट पहिलीपेक्षां शहाणपणाची आहे, आणि ती सर्वांसच लागू करावी. पुण्या-मुंबईचा जो कोणी जाईल त्यानें सहीपूर्वीं करार पानोपान वाचावा, ‘ठेकेदार’ हा शब्द दिसल्यास लेखणी खालीं ठेवावी, व मूळ पासपोर्ट कोणाच्या स्वाधीन करूं नये. उभय देशांमध्यें हा व्यापारी करार सुधारण्याच्या वाटाघाटींच्या फेऱ्या २०१६ पासून झाल्या आहेत. शिक्षकांविषयींच्या या विषम अटीचा प्रश्न त्या बैठकींत आमच्या प्रतिनिधींनीं कधीं काढला काय, व काढला असल्यास उत्तर काय मिळालें, हें सरकारानें लोकांपुढें मांडावें.