शेवटची गाडी सुटल्यावर

ओसाकामध्ये माझा शनिवार दुपारी बाराला उजाडतो. शुक्रवारी रात्री क्लायंटच्या लोकांबरोबर 'नोमिकाई' असते, म्हणजे ऑफिस सुटल्यावर सगळ्यांनी मिळून प्यायला जायचं. एरवी मीटिंगमध्ये मान खाली घालून बसणारे सुझुकीछाप साहेब तिथे टाय डोक्याला बांधायचेच काय ते बाकी ठेवतात. बिल आलं की 'वारीकान', म्हणजे सगळ्यांनी सारखं वाटून. आपल्या टीटीएमेमचा जपानी चुलतभाऊ. फरक एवढाच की मी ऑरेंज ज्यूस पिऊनही बिअर पिणाऱ्याइतकेच पैसे देतो. असो.

तर गेल्या शनिवारी खरेदीला बाहेर पडलो. घरून यादी आली होती. बाबांना पायलटची पेनं, आईला 'ते हिरवं किटकॅट', आणि आमच्या शेंडेफळाला, म्हणजे धाकट्या बहिणीला, चेहऱ्याला लावायचे अकरा प्रकारचे मास्क. शिनसाईबाशीचा बाजार म्हणजे वर छप्पर असलेला, साधारण सहाशे मीटर लांब लक्ष्मी रोड. गणपतीच्या आदल्या रविवारी असते तेवढी गर्दी तिथे रोज असते. हल्ली त्यात निम्मे तरी पर्यटक. ऑक्टोबर २०११ मध्ये एका डॉलरला पंचाहत्तर येन मिळायचे, जुलै २०२४ मध्ये एकशे साठच्या वर मिळाले. पाहुण्यांची चंगळ! आणि माझ्यासारखा, ज्याचा पगार येनमध्ये आणि घराचा हप्ता रुपयांत, तो दर बघून पाणी पिऊन झोपतो.

वर आणखी गंमत म्हणजे टॅक्स-फ्रीची सवलत फक्त थोड्या दिवसांसाठी आलेल्यांना. इथलं रहिवासी कार्ड असलं की दहा टक्के कर भरायचा. पुढचा माणूस पासपोर्ट दाखवून सुटतो, आणि आपण पाहुणेही नाही आणि घरचेही नाही हे काउंटरवर उभं राहून कळतं.

संध्याकाळी माझा नागपूरकर रूममेट येऊन मिळाला. मग नेहमीची प्रदक्षिणा : निप्पोनबाशीच्या देनदेन टाऊनमध्ये जुने कीबोर्ड चाळले, डोंकीमध्ये (म्हणजे 'डॉन किहोते', मॉल आणि जुना बाजार यांचं लग्न लावून दिलेलं दुकान) मास्क घेतले, आणि दोतोनबोरीच्या कालव्यावर ग्लिकोच्या धावणाऱ्या माणसासमोर हात वर करून शंभरावा फोटो काढला. १९३५ पासून तो तिथे पळतोय. सध्याची त्याची पाटी २०१४ ची, एलईडीची. "बे, हा माणूस आपल्यासारखाच आहे. पळून राहिला, पोचत कुठंच नाही," इति नागपूरकर.

रात्री एका क्लबमध्ये गेलो. मला नाचता येत नाही, पण तिथे नाचण्याबद्दलची एक गोष्ट ऐकली आणि नंतर वाचून काढली, ती सांगतो. २०१६ पर्यंत या देशात मध्यरात्रीनंतर क्लबमध्ये गिऱ्हाइकांना नाचू देणं बेकायदा होतं! कायदा १९४८ चा. युद्धानंतर डान्स हॉलच्या आडून वेश्याव्यवसाय चालायचा, म्हणून केलेला. पुढे कित्येक वर्षं पोलीस काणाडोळा करत. मग ओसाकात धाडी सुरू झाल्या आणि एप्रिल २०१२ मध्ये 'नून' नावाच्या क्लबच्या मालकाला अटक झाली. गुन्हा काय, तर परवाना नसताना लोकांना नाचू दिलं. तो कोर्टात लढला, खालच्या आणि वरच्या कोर्टात निर्दोष सुटला, आणि जून २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेच कायम केलं. त्याच महिन्यात बदललेला कायदा लागू झाला. आता पहाटेपर्यंत नाचा, फक्त दिवे १० लक्सपेक्षा जास्त हवेत, म्हणजे सिनेमाच्या मध्यंतरात असतात तेवढे.

ऐकून मला आपल्याकडचे डान्स बार आठवले. २००५ ची बंदी, २०१३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, २०१९ चा आणखी एक. रात्र म्हटलं की सरकारला पहिल्यांदा नाच आणि दारू दिसते, हे दोन्हीकडे सारखंच.

बाहेर आलो तर शेवटची गाडी गेलेली! जपानमध्ये मध्यरात्रीनंतर थोड्या वेळात मेट्रो झोपते ती पहाटे पाचला उठते. मधल्या वेळेत अडकलेल्या नोकरदारांसाठी माणसाच्या आकाराचे खण करून विकायची कल्पनाही ओसाकाचीच. पहिलं कॅप्सूल हॉटेल इथे १९७९ मध्ये निघालं. नागपूरकर मित्राकडे गेला, मी चालत निघालो. तेन्नोजीजवळचं माझं घर म्हणजे पाऊण तास.

इथे रात्रीचा एक म्हणजे पुण्यात साडेनऊ. फोन वाजला. बहीण. रिलीज असल्यामुळे शनिवारीही हिंजवडीला गेलेली, कॅबनं कोथरूडला निघाली होती.

"दादा, बोलत राहा फक्त. घरी पोचेपर्यंत."

मी बोलत राहिलो. मास्क, किटकॅट, नाच, काय वाट्टेल ते. मध्येच ती एकदम मोठ्यांदा म्हणाली, "हो रे, चांदणी चौकात आले. दहा मिनिटांत पोचते, तू खालीच उभा राहा."

मी सहा हजारांहून जास्त किलोमीटर लांब, त्सुतेनकाकूचा मनोरा डाव्या हाताला ठेवून चाललेलो. खाली कसला उभा राहतोय? दोन सेकंदांनी कळलं. ते वाक्य ड्रायव्हरसाठी होतं.

तो ड्रायव्हर बिचारा सज्जन असेल. बहुतेक असतातच. पण २००९ साली खराडीहून घरी निघालेल्या इंजिनिअर मुलीचं कॅबमधून अपहरण आणि खून झाला, तेव्हा मी शाळेत होतो आणि आईनं पेपर लपवून ठेवला होता. बहिणीला तेव्हा काही कळलं नव्हतं. आता न सांगता कळतं.

तेवढ्यात माझ्या शेजारून एक मुलगी सायकलवरून गेली. कानात इयरफोन, हँडलला कोंबिनीची पिशवी. मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

सोमवारी ऑफिसात हे सगळं भारावून सांगितलं. माझी जपानी सहकारी शांतपणे म्हणाली, "मिदोसुजी लाईनला आठवड्याचे पाच दिवस बायकांचा वेगळा डबा असतो, बघितलाय का? तो कशासाठी असेल?" मग म्हणाली, "मीसुद्धा रात्री घरी जाताना कानात एकच इयरफोन घालते. तुम्हाला दोन्ही दिसले असतील." मी गप्प. दोतोनबोरीला हात धरून बारमध्ये ओढणारे आणि नंतर भलंमोठं बिल हातात ठेवणारे लोकही आहेतच. जपान म्हणजे स्वर्ग असं मला म्हणायचं नाही. गर्दीच्या गाडीत चोरटे हात लावणारे इथेही पैशाला पासरी.

पण फरक आहे, आणि तो मला संस्काराबिंस्कारांचा वाटत नाही. त्या पाऊण तासात मला सतत उजेड दिसला. चोवीस तास उघडी कोंबिनी (देशभरात एकूण कोंबिनी ५० हजारांहून जास्त आहेत), कोपऱ्यावर पोलिसांची छोटी चौकी, पेयांची मशिनं, चालता येईल असा फुटपाथ, आणि दुकानांच्या वरच राहणारी माणसं. मध्यरात्रीपर्यंत गाडी, म्हणून रस्त्यावर माणसं. माणसं म्हणून दुकानं उघडी. आणि दुकानं उघडी म्हणून बायकाही बाहेर.

आपल्याकडे नाईटलाईफची चर्चा 'किती वाजेपर्यंत उघडं' या एकाच प्रश्नावर अडते. जानेवारी २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मुंबईत मॉल आणि हॉटेलं चोवीस तास उघडी ठेवायला मंजुरी दिली, तेव्हाही भांडण संस्कृती विरुद्ध धंदा असंच रंगलं. रात्रपाळीतल्या बाईला घरापर्यंत सोडायची जबाबदारी कंपनीची, हे आपल्या २०१७ च्या दुकान कायद्यात आहे. पण रात्रपाळी नसलेली, 'जरा उशीर झालेली' मुलगी? किंवा नुसतीच मैत्रिणीबरोबर डोसा खायला गेलेली? तिच्या घरी जाण्याचा विचार कुणी करायचा? आम्ही भाऊ लोकांनी, फोनवर?

माझं मत विचाराल तर पब दहाला बंद करा नाहीतर चारला, मला फरक पडत नाही. शेवटची बस किती वाजता आहे, स्टॉपवर दिवा आहे का आणि स्टॉपपासून घरापर्यंत फुटपाथ आहे का, एवढं सांगा. शहर रात्री जागं आहे की नाही ते यावरून ठरतं.

पार्सल मंगळवारी पाठवलं. मास्कांबरोबर शंभर येनच्या दुकानातला एक धोक्याचा बझर टाकला. इथल्या शाळकरी पोरांच्या दप्तराला असतो तसला. बहिणीचा मेसेज आला, "दादा, हा वाजवला तर पुण्यात लोकांना वाटेल कुणीतरी रिव्हर्स घेतंय."

हसलो. मग बराच वेळ काही उत्तर सुचलं नाही.