पक्कं घर मिळालं, पण ऊन कुठे आहे?

दुपारी बारा वाजता तुमच्या घरात ट्यूबलाइट लावावी लागते का? पुनर्वसन इमारतीतून खोकला घेऊन येणाऱ्या प्रत्येक पेशंटला मी हल्ली हा प्रश्न विचारतो.

एक ताई माझ्याकडे यायच्या. त्यांना फुफ्फुसाचा क्षयरोग झाला होता. सहा महिने नेमाने गोळ्या घेऊन त्या बऱ्या झाल्या. वर्ष सरायच्या आत धाकटी मुलगी खोकू लागली, तेव्हा मी त्यांच्या घरी जाऊन आलो. दुसरा मजला, एक खोली, एक खिडकी. समोरच्या इमारतीचे पाइप हाताला लागतील इतके जवळ. खालच्या बोळात कचरा साचतो, वास आणि उंदीर येतात, म्हणून तीही खिडकी बंद. झोपडीत होतात तेच बरं होतं का, असं विचारलं तर म्हणाल्या, "नाही हो डॉक्टर. संडास घरात आहे, मुलींना रात्री बाहेर जावं लागत नाही." त्यामुळे पुनर्वसनच नको असं म्हणणाऱ्यांत मी नाही.

क्षयाचे जंतू खोकल्यातून हवेत जातात आणि बंद खोलीत तासन् तास तरंगत राहतात. खेळती हवा त्यांना पातळ करून बाहेर नेते, थेट ऊन त्यांना मारतं. ही दोन्ही औषधं फुकट आहेत, पण मला ती चिठ्ठीवर लिहून देता येत नाहीत. ती नकाशावर लिहावी लागतात.

मुंबईला हे एकेकाळी ठाऊक होतं. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आणला. सोप्या भाषेत सांगायचं तर समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निदान निम्मं अंतर मोकळं सोडायचं, म्हणजे खालच्या खिडकीलाही आकाश दिसतं. (ट्रस्टने गरिबांना बेघरही पुष्कळ केलं, त्याचं कौतुक करत नाही. हिशेब मात्र बरोबर होता.)

आता गोवंडीचं नटवर पारेख कंपाउंड घ्या. तिथे दोन इमारतींमध्ये जेमतेम 3 मीटर अंतर आहे. जुन्या नियमाने एवढ्या अंतरात 6 मीटर, म्हणजे दोन मजले बसतात. उभे आहेत सात. डॉक्टर्स फॉर यू आणि आयआयटी मुंबई यांनी 2018 मध्ये गोवंडीतल्या अशा वसाहतींचा अभ्यास मांडला. जिथे ऊन आणि हवा कमी, तिथे क्षयाचे रुग्ण जास्त, असंच त्यात दिसलं.

हे एका बिल्डरच्या लोभाने झालं असं म्हणून सुटता येणार नाही. नियमांनीच तशी सूट दिली आहे. झोपडीधारकांना थोड्या जागेत उंच रचायचं, उरलेली जागा विक्रीच्या इमारतीला, आणि त्या विक्रीतून खर्च भागवायचा, असं हे गणित आहे. घर 225 चौरस फुटांवरून 269 आणि पुढे 300 झालं, त्याच्या बातम्या झाल्या. पण 2034 च्या विकास नियमावलीत हेक्टरी निदान 650 घरं बसवावीत असं लिहिलं आहे, ते किती जणांनी वाचलं? किमान आकडा आहे. हवा आणि उजेड पुरेल असा कमाल आकडा कुठे आहे?

माझं मागणं साधं आहे. नकाशा मंजूर करताना सर्वांत खालच्या खिडकीत हिवाळ्यात किती तास ऊन येईल ते मोजा आणि मंजुरीच्या कागदावर छापा. आगीच्या दाखल्यावाचून इमारत ताब्यात देत नाही, तसा हवेचाही दाखला मागा. धारावीचं काम पुढे सरकतं आहे, तिथे हे आत्ताच करता येईल.

तुम्ही अशाच इमारतीत राहत असाल तर दाराची जाळी बसवून घ्या आणि दार-खिडकी एकाच वेळी उघडी ठेवा, हवा आरपार जाऊ द्या. बोळातल्या कचऱ्यासाठी सोसायटीच्या मागे लागा, कारण खिडकी त्यामुळेच बंद होते. घरात कुणाला दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. सरकारी केंद्रात तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. त्या ताईंच्या मुलीची चौथ्या महिन्याची औषधं चालू आहेत, वजन तीन किलोंनी वाढलंय. ट्यूबलाइट अजून दिवसभर लागते.