चाकामागची चकती

भाच्याने स्विफ्टची चाकं जरा बाहेर दिसावीत म्हणून 5 मिलिमीटरचे स्पेसर मागवले. चकचकीत माल, पण मधलं भोक सैल. स्विफ्टचा हब 54.1 मिलिमीटरचा, चकती त्यावर घट्ट बसली नाही की वेगात स्टिअरिंग थरथरलंच म्हणून समजा. शिवाय चकती जेवढी जाड, तेवढे नटाला आटे कमी. 12 मिलिमीटरच्या स्टडवर नट निदान नऊ-दहा पूर्ण फेरे बसायला हवा. इथे हाताने मोजले, सहा! कोपऱ्यावरचा पोऱ्या मात्र हबवरचा गंजही न घासता एअर गन घेऊन तयार. टॉर्क पाना, शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळणं, हे त्याच्या गावीही नव्हतं. चकत्या परत पाठवल्या. भाचा अजून फुगलेला आहे.